डीलरकडून जुनी छोटी गाडी घेताना : म्हशीचे दात आणि गाडीचे कागद



राधानगरीचा पाऊस कसा असतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एकदा लागला की आठ-आठ दिवस उघडत नाही. अशा पावसात दुचाकीवर पुढे एक मूल, मागे एक मूल, पाठीला दप्तर आणि सगळ्यांवर मिळून एक रेनकोट, अशी स्वारी शाळेकडे निघालेली आपण रोज बघतो. आपल्यापैकी अनेकांचीही हीच गत असते. मग घरात विषय निघतो, "यंदा एक छोटी चारचाकी घ्यायचीच." नव्या गाडीचं कोटेशन हातात आलं की उत्साह जरा ओसरतो. तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, "सर, सेकंड हँड बघा की! कोल्हापुरात डीलरकडं ढिगानं गाड्या उभ्या आहेत."

सल्ला वाईट नाही. जुनी छोटी गाडी ही आपल्यासारख्या पगारदार आणि शेतकरी कुटुंबांसाठी शहाणपणाची खरेदी ठरू शकते. पण ती कशी घ्यायची हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. आयुष्यातली घरानंतरची मोठी खरेदी आपण बऱ्याचदा ऐकीव माहितीवर आणि रंगाकडे बघून करतो. म्हणून आजचा पाठ या विषयावर.

एकाला माहीत, दुसऱ्याला नाही

आपल्याकडे म्हैस घेताना जाणता माणूस काय करतो, आठवून बघा. दात बघून वय ठरवतो. चारही सड चालतात का ते बघतो. दोन वेळची धार समोर काढायला लावतो. का? कारण विकणाऱ्याला म्हशीचं सगळं माहीत असतं आणि घेणाऱ्याला काहीच माहीत नसतं. आदल्या वेळची धार न काढता कास तटतटीत ठेवून म्हैस बाजारात उभी करणारे असतात, हेही त्याला ठाऊक असतं.

जुन्या गाडीचं तसंच आहे. पॉलिश मारलेली, टायर काळेभोर चमकणारी, आत अत्तराचा वास येणारी गाडी म्हणजे ती तटतटलेली कास समजा.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच गोष्टीवर, जुन्या गाड्यांच्या बाजारावर, एक शोधनिबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं, त्यात या निबंधाचा मोठा वाटा होता. अमेरिकेत खराब निघालेल्या गाडीला 'लिंबू' म्हणतात. अकरलॉफ यांचा मुद्दा साध्या आकड्यांत असा सांगता येईल. समजा चांगल्या जुन्या गाडीची खरी किंमत ४ लाख आणि खराब गाडीची २ लाख आहे. घेणाऱ्याला दोन्हींतला फरक कळत नाही. मग तो मधला आकडा धरतो, ३ लाख. आता चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "३ लाखाला कशाला देऊ? ठेवतो घरीच." खराब गाडीचा मालक मात्र आनंदाने विकायला येतो. हळूहळू बाजारात खराब गाड्यांचं प्रमाण वाढत जातं.

यातून आपण एकच गोष्ट लक्षात ठेवायची. जुन्या गाडीच्या व्यवहारात आपण गाडीबरोबर तिचा भूतकाळही विकत घेत असतो, आणि तो भूतकाळ समोरच्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतो. पुढे सांगितलेली प्रत्येक तपासणी हे अंतर कमी करण्यासाठीच आहे.

डीलर म्हणजे नक्की कोण?

ओळखीच्या माणसाकडून थेट गाडी घेतली तर मधली दलाली वाचते. मग डीलरकडे का जायचं? कारण तिथे दहा गाड्या एका ठिकाणी बघायला मिळतात, कागदपत्रांची धावपळ तो करतो आणि काही ठिकाणी वॉरंटीही मिळते. हे फायदे खरे आहेत. पण 'डीलर' या एका शब्दात तीन वेगवेगळी माणसं असतात. एक, कार कंपन्यांनीच चालवलेली जुन्या गाड्यांची दालनं. मारुतीची 'ट्रू व्हॅल्यू' २००१ पासून आहे. दोन, स्वतः गाड्या विकत घेऊन, दुरुस्त करून विकणारे स्वतंत्र डीलर. तीन, नुसते एजंट. गाडी दुसऱ्याची, जागा तिसऱ्याची, यांचं फक्त कमिशन.

म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : "ही गाडी तुम्ही विकत घेतली आहे, की मालकाच्या वतीने विकताय?"

याबाबत केंद्र सरकारने एक चांगला नियम केला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत वाहनांच्या डीलरसाठी आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र आलं. त्याची मुदत ५ वर्षांची असते. मूळ मालकाने अशा अधिकृत डीलरला गाडी दिल्याची नोंद ऑनलाइन झाली की गाडी विकली जाईपर्यंत तो डीलरच मालक मानला जातो. म्हणजे त्या काळात काही झालं तर जबाबदारी त्याची. प्रत्येक डीलरकडे हे प्रमाणपत्र असेलच असं गृहीत धरू नका. सरळ मागा. ज्याच्याकडे असेल तो दाखवताना कचरणार नाही.

आधी कागद, मग गाडी

आपण आधी गाडी बघतो, आवडते, मनात घर करते, मग कागद बघतो. तेव्हा डोळ्यांवर पट्टी आलेली असते. क्रम उलटा ठेवा. फोनवरच गाडीचा नंबर मागून घ्या आणि सरकारच्या 'एम-परिवहन' ॲपवर किंवा 'परिवहन'च्या वेबसाइटवर टाकून बघा. काय काय बघायचं?

• नोंदणीची तारीख. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर गाडी तपासून दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. १२-१३ वर्षांची गाडी स्वस्त दिसते, पण हा खर्च समोर उभा असतो.
• मालक कितवा. 'फर्स्ट ओनर' असं डीलर म्हणतो, तिथे आकडा ३ दिसला तर बाकीचं बोलणंही तपासून घ्या.
• बोजा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाव दिसतं. कर्ज फिटलेलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो.
• विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे.
• थकलेली ई-चलनं. व्यवहाराआधी ती डीलरने भरून पावती दाखवली पाहिजे.
• इंधन. गाडीला सीएनजी किट असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी. शिवाय सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते बघा.

मग प्रत्यक्ष गेल्यावर आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या. आपण उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांक ताडतो ना, तसंच.

आपण सीमेजवळचे लोक. एका बाजूला निपाणी-चिकोडी, तर दाजीपूरवरून फोंडा घाट उतरलं की कोकण आणि पुढे गोवा. त्यामुळे 'केए' आणि 'जीए' पासिंगच्या गाड्या आपल्याकडे दाखवल्या जातात, आणि त्या स्वस्त वाटतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि इथे नव्याने नोंदणी करावी लागते. हा सगळा खर्च मिळवून मगच 'स्वस्त' म्हणा. दिल्लीकडच्या गाड्यांचं आणखी एक कारण असतं. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन बंधनं आल्यामुळे बऱ्याच गाड्या बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या.

पुरात बुडालेली गाडी

हा मुद्दा खास आपल्या जिल्ह्याचा. आपल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले की भोगावतीचं पाणी पुढे पंचगंगेला मिळतं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५० फुटांच्याही वर गेली. त्या दोन पुरांत किती गाड्या पार्किंगमध्ये बुडाल्या, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. बुडालेली प्रत्येक गाडी भंगारात जात नाही. धुऊन, सुकवून, दुरुस्त करून ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकते.

माझाच अनुभव सांगतो. एका डीलरकडे मला चंदेरी रंगाची एक छोटी गाडी फार आवडली होती. किंमतही मनासारखी. टोकन द्यायला खिशात हात घातला होता. सोबत गावचे मिस्त्री होते. ते मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट ओढत राहिले, शेवटपर्यंत. पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ होती. मग त्यांनी पायाखालचं कार्पेट उचललं, सीटच्या रुळांचे बोल्ट दाखवले. गंज! "सर, हिनं पंचगंगेचं पाणी प्यालंय," एवढंच म्हणाले. आम्ही चहा न घेता परत आलो.

बुडालेल्या गाडीत वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक भाग आतून सडतात. आज काही होत नाही, वर्षभराने एअरबॅग चालत नाही किंवा भर पावसात हेडलाइट जातो. म्हणून सीट बेल्ट पूर्ण ओढून बघा. कार्पेटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात आणि फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात चिखल किंवा गंज आहे का बघा. हेडलाइटच्या काचेच्या आत वाफ धरली आहे का बघा. आत अत्तराचा उग्र वास असेल तर कोणता वास झाकला आहे, असा प्रश्न स्वतःला विचारा. विम्याचा दावा कधी झाला होता का, तेही विचारा.

मीटरवर किती विश्वास?

"फक्त ३५ हजार चाललीय, डॉक्टरांची गाडी आहे." हे वाक्य तुम्ही ऐकणारच! मीटर मागे फिरवता येतो, अगदी डिजिटल सुद्धा. त्यामुळे मीटरवरचा आकडा हा पुरावा नाही, दावा आहे. पुरावा दुसरीकडे शोधायचा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग, त्या दिवशीच्या किलोमीटरसह नोंदलेली असते. ती नोंद डीलरला काढून द्यायला सांगा. २०२१ साली ६२ हजारांची नोंद आणि आज मीटरवर ३५ हजार, म्हणजे उत्तर मिळालं. शिवाय ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंग हाताच्या जागी झिजलंय का, ड्रायव्हरची सीट खचलीय का, हे बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. २०१९ च्या गाडीला 'फक्त ३५ हजार' चाललेली असताना २०२३ चे चारही टायर का, असं विचारायला लाजू नका.

मिस्त्रीला सोबत न्या

आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीला एका दिवसाचा मोबदला देऊन कोल्हापूरला न्या. राधानगरीहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा प्रवास आणि त्याची मजुरी हा खर्च लाखांच्या खरेदीपुढे काहीच नाही. डीलरच्याच मिस्त्रीचं मत घेणं म्हणजे विद्यार्थ्यालाच स्वतःचा पेपर तपासायला देणं!

शक्य तर सकाळी लवकर जा आणि गाडी थंड असतानाच सुरू करा. तुम्ही पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट आत जात असण्याची शंका. ऑइलचं झाकण उघडल्यावर आत दुधी फेस दिसला तरी हीच शंका घ्यायची.

गाडीभोवती उजेडात एक फेरी मारा. दरवाजे आणि बोनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? एकाच दरवाजाचा रंग किंचित वेगळा आहे का? दाराच्या रबराखाली किंवा काचेच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत का? एखादं दार रंगवलेलं असणं हा गुन्हा नाही. आपल्या रस्त्यांवर ओरखडे येणारच. पण पुढचा सांगाडा किंवा छताचे खांब जोडलेले असतील तर ती गाडी सोडून द्या. आपल्याकडच्या ओलसर हवेत खालून गंज लवकर धरतो, म्हणून गाडी लिफ्टवर चढवून तळ बघायलाच हवा.

ट्रायल रंकाळ्याभोवती एक चक्कर मारून संपवू नका. पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या चढाला न्या. चढावर क्लच घसरतोय का, उतारावर ब्रेक सरळ धरतात का, खड्ड्यात खडखड येते का, एसी लावून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी दमते का, सगळं तिथे कळतं. शेवटी ही गाडी आपण घाटातच चालवणार आहोत.

मुलं बसणार आहेत, म्हणून हे बघाच

स्वस्त गाडी शोधताना आपण ॲव्हरेज विचारतो, एअरबॅग विचारत नाही. काही तारखा लक्षात ठेवा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसाठी एअरबॅग, सीट बेल्टची आठवण देणारा आवाज आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. पुढे शेजारच्या सीटसाठीही एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच नोंदल्या जाऊ लागल्या. म्हणजे २०१७ ची आणि २०२० ची गाडी यांत ४०-५० हजारांचा फरक असेल, तर तो फरक नुसत्या वयाचा नाही.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागतच राहिला तर बिघाड आहे. अजिबात लागलाच नाही, तर बिघाड लपवला असण्याची शक्यता आहे.

किंमत आणि हप्ता : आठवीचं गणित

किंमत ठरवायला एक माप हाताशी असू द्या. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना त्या मॉडेलच्या सध्याच्या नव्या किमतीतून घसारा वजा करतात : १ ते २ वर्षांच्या गाडीला २० टक्के, २ ते ३ ला ३०, ३ ते ४ ला ४० आणि ४ ते ५ वर्षांना ५० टक्के. म्हणजे आज नवी ६ लाखांना मिळणारी गाडी साडेचार वर्षांची असेल तर विम्याच्या हिशेबाने ती ३ लाखांची. बाजारभाव याहून वरखाली असतो, पण डीलर साडेचार लाख म्हणत असेल तर 'का?' हे विचारायला आधार मिळतो.

इथे 'सध्याची' हा शब्द महत्त्वाचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे ४ मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतची डिझेल. त्यामुळे जुन्या मालकाने तेव्हा किती मोजले यापेक्षा आज नवी कितीला मिळते, याच्याशीच तुलना करा.

जुन्या गाडीवरच्या जीएसटीबद्दलही गैरसमज आहे. जीएसटी परिषदेच्या डिसेंबर २०२४ च्या निर्णयानंतर डीलरने विकलेल्या जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर आहे, पण तो डीलरच्या नफ्यावर, पूर्ण किमतीवर नाही. ३ लाखांना घेतलेली गाडी साडेतीन लाखांना विकली, तर कर ५० हजारांवर, म्हणजे ९ हजार. कुणी "साडेतीन लाखांवर १८ टक्के, ६३ हजार द्या" म्हणालं तर थांबा आणि बिल मागा. दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारावर हा करच नाही.

आता हप्ता. डीलर म्हणतो, "कर्ज आम्हीच करून देतो, फक्त ९ टक्के." विचारा : फ्लॅट की घटत्या शिलकीवर? ३ लाखांचं ४ वर्षांचं कर्ज धरू.

फ्लॅट ९ टक्के : व्याज = ३,००,००० × ९ × ४ ÷ १०० = १,०८,००० रुपये. हप्ता = ४,०८,००० ÷ ४८ = ८,५०० रुपये.

घटत्या शिलकीवर ९ टक्के : हप्ता सुमारे ७,४६५ रुपये. एकूण व्याज सुमारे ५८ हजार.

आकडा दोन्हीकडे '९', पण फरक जवळजवळ ५० हजारांचा! कारण फ्लॅट पद्धतीत तुम्ही फेडून टाकलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज देत राहता. घटत्या शिलकीच्या भाषेत हा फ्लॅट ९ म्हणजे सुमारे १६ टक्के होतो. म्हणून आपली शिक्षक पतसंस्था आणि बँक इथे आधी चौकशी करा, मग डीलरचं कर्ज बघा.

पैसे देताना

टोकन दिलं की तोंडी बोलण्यावर जाऊ नका. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, त्यात काय काय धरलं आहे (आरसी बदल, विमा, राहिलेली दुरुस्ती) आणि कर्ज नामंजूर झालं किंवा कागदात दोष निघाला तर टोकन परत मिळेल, हे लिहून घ्या. वॉरंटी असेल तर कोणत्या भागांची, किती महिने, किती किलोमीटर, हेही लेखी. बऱ्याचदा ती इंजिन आणि गिअरबॉक्सपुरतीच असते. क्लच, बॅटरी, टायर त्यात नसतात. "आहे त्या स्थितीत विकली" असं छापलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी दोनदा वाचा.

पैसे शक्यतो बँकेतून, डीलरच्या फर्मच्या खात्यावर द्या, कुणाच्या खासगी खात्यावर नाही. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मनाई आहे, हेही माहीत असू द्या.

आरसी नावावर होईपर्यंत व्यवहार संपत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमचे एक सहकारी गुरुजी आहेत. त्यांनी काही वर्षांपूर्वी आपली जुनी गाडी एका डीलरला विकली. पैसे मिळाले, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या, गुरुजी निवांत झाले. दीड वर्षाने दारात नोटीस आली. गाडीने दुसऱ्या जिल्ह्यात एकाला धडक दिली होती. विमा संपलेला. गाडी दोन हात फिरली होती, पण आरटीओच्या दफ्तरी मालक अजून गुरुजीच! आता ते रजा टाकून तारखांना जातात.

यात कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की, गाडी विकून पुढे कितीही हात बदलले तरी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक समजला जाईल.

तुम्ही घेणारे आहात, मग तुम्हाला काय, असं वाटेल. पण दुसरी बाजू बघा. गाडी तुमच्या दारात आणि नाव दुसऱ्याचं असेल, तर ती विकता येत नाही, आणि तुमच्या नुकसानीचा विमा दावा अडकतो. म्हणून तीन गोष्टी करा. ताबा घेताना तारीख आणि वेळ लिहिलेला कागद दोघांच्या सहीने करा, म्हणजे आधीची चलनं कुणाची आणि नंतरची कुणाची, हा वाद राहत नाही. ठरलेल्या रकमेतले १०-२० हजार आरसी नावावर झाल्यावर देण्याचं लेखी ठरवा. आणि "होतंय सर, साइट बंद आहे" या उत्तरावर न थांबता अर्ज क्रमांक मागून स्वतः ऑनलाइन बघत राहा.

विम्याचंही तसंच. इतरांना झालेल्या इजेचा विमा गाडीबरोबर येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण मिळायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा 'नो क्लेम बोनस' तुम्हाला मिळत नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही.

फसवणूक झालीच तर

डीलर पैसे घेऊन व्यवसाय म्हणून गाडी विकतो, त्यामुळे तुम्ही 'ग्राहक' आहात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. पण तिथे कामी येतात ते कागद. पावती, मेसेज, वॉरंटी, सर्व्हिस नोंद, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

वर्गात करून बघा

आठवी-नववीच्या मुलांना फ्लॅट आणि घटत्या शिलकीच्या व्याजाचं वरचं उदाहरण द्या. पहिल्या सहा महिन्यांचा तक्ता वहीत मांडायला सांगा : शिल्लक, त्या महिन्याचं व्याज, हप्ता, उरलेली शिल्लक. सरळव्याजाचं सूत्र पाठ असलेल्या मुलांनाही 'हे असं असतं होय!' असं वाटतं. आणि घरी जाऊन ती वडिलांना एकच प्रश्न विचारतात, "बाबा, आपल्या गाडीचं कर्ज फ्लॅट होतं का?" त्या प्रश्नाने काही घरांत पुढचा व्यवहार नीट होईल.

आपले आजोबा चारही सड बघितल्याशिवाय म्हशीचा दोर हातात घेत नव्हते. घाई करणाऱ्याला ते म्हणायचे, "बाजार काय पळून चाललाय व्हय?" गाडीच्या चावीलाही तोच नियम लावा. एक गाडी हातची गेली तर दुसरी मिळते. पण ज्या गाडीत आपली मुलं बसणार आहेत, तिच्याबद्दल एकही प्रश्न विचारायचा राहू देऊ नका.